न्यूट्रिनोवर पीएचडी करायची म्हणताय?

न्यूट्रिनो म्हणजे कशालाही सहसा न अडणारे अतिसूक्ष्म कण. त्यांच्या प्रायोगिक भौतिकीत येणाऱ्यांना वाटतं, दिवसरात्र न्यूट्रिनो पकडायचे. प्रत्यक्षात बहुतेक वेळ जातो तो, जे न्यूट्रिनो नाहीत ते बाजूला काढण्यात.

मी ‘नोव्हा’ प्रयोगात आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेतून निघालेला न्यूट्रिनोंचा झोत जमिनीच्या पोटातून ८१० किमी जातो आणि मिनेसोटातल्या १४ किलोटनच्या डिटेक्टरमधून जवळजवळ सगळाच आरपार निघून जातो. मधे बोगदा वगैरे काही नाही. खडक न्यूट्रिनोंच्या आड येतच नाही. हा डिटेक्टर मात्र जमिनीवरच उभा आहे, म्हणून सेकंदाला लाखाहून जास्त कॉस्मिक म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण, त्यातून जातात. झोताचा एक ठोका जेमतेम १० मायक्रोसेकंदांचा. तेवढ्याच वेळातला डेटा घेतला की बराच कचरा गळतो. उरलेला न्यूरल नेटवर्कने चाळायचा. झोत निघतो तो मुख्यतः म्युऑन न्यूट्रिनोंचा. वाटेत त्यांतले काही इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो होतात, ते आम्ही शोधतो. एवढं करून २०२०च्या निकालात न्यूट्रिनो झोतातून इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोचे उमेदवार मिळाले ८२, आणि त्यांतले सुमारे २७ तोतया असावेत हा आमचाच अंदाज! हा २७चा आकडा कितपत खरा, यावर कित्येकांचे प्रबंध होतात. शिवाय चाळण्या पक्क्या होईपर्यंत खरा निकाल बघायचा नाही, असा दंडक आहे.

माझ्या वाट्याला कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टरची मापं प्रमाणित करणं, आलं. ऐकायला नीरस, पण गंमत अशी की जे म्युऑन आम्ही हाकलतो, त्यांतलेच डिटेक्टरमध्ये थांबलेले ऊर्जा मोजायला प्रमाण म्हणून वापरतो.

तयारी म्हणाल तर संख्याशास्त्र आधी. क्वांटम फील्ड थिअरी पुढे लागेल तशी शिकता येते. पण एरर बार, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, कुठून आला हे सांगता आलं नाही, तर प्रयोगातल्या सगळ्या गटांच्या (कोलॅबोरेशनच्या) मीटिंगमध्ये निभाव लागत नाही. सी प्लस प्लस, पायथन आणि डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर ‘रूट’ यांना पर्याय नाही. डिटेक्टरवर लक्ष ठेवायच्या शिफ्टही कराव्या लागतात. भारतातून करायची सोय असेल तर शिकागोच्या मध्यरात्रीची मागून घ्या. हिवाळ्यात ती आपल्याकडे सकाळी साडेअकराला सुरू होते.

प्रवेश घेण्यापूर्वी गाईडना एक नक्की विचारा: माझ्या चौथ्या वर्षी या प्रयोगाचं काय चाललेलं असेल? तमिळनाडूतल्या नियोजित आयएनओ या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राची मंजुरी मिळाली २०१५मध्ये. ती अजून उभी नाही. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटात ‘ड्यून’ या पुढच्या न्यूट्रिनो प्रयोगाची उभारणी चालू आहे. तिथे हात काळे करायला भरपूर वाव, पण झोताचा डेटा तुमच्या मुदतीत येईलच असं नाही. हार्डवेअरमध्ये रमणाऱ्याने तिकडे खुशाल जावं. विश्लेषण करायचं असेल, तर डेटा हातात असलेला प्रयोग बघा.