पाळीव शंखी गोगलगाईंचा आहार आणि कॅल्शियम : या चुका टाळा

ब्रिटनमधील अनेक प्राथमिक शाळांच्या वर्गांत आफ्रिकन शंखी गोगलगाई पाळल्या जातात आणि त्यांना पिल्ले झाली की ती विद्यार्थ्यांच्या घरोघरी पोहोचतात. आमच्या घरी अशाच दोन आल्या. सोबतच्या चिठ्ठीत ‘काकडी, लेट्यूस आणि कॅल्शियम’ एवढेच लिहिले होते. आम्ही या तिन्ही गोष्टी मनापासून दिल्या, शिवाय घरात नेहमी असणारा पालकही दिला. तरीही काही महिन्यांत मोठ्या गोगलगाईच्या शंखाची नवी कड इतकी पातळ झाली की मागून टॉर्च धरल्यास उजेड आरपार दिसू लागला. त्यांना ठेवलेल्या टाकीत कॅल्शियम भरपूर होते, पण ते शंखापर्यंत पोहोचत नव्हते. नव्याने गोगलगाय पाळणाऱ्यांशी बोलताना मला आजही हीच अडचण सर्वाधिक आढळते, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो.

शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. गोगलगाईच्या अंगावरील मांसल पडद्याची कड शंखाच्या तोंडाशी नवा थर घालत जाते आणि त्या थराला धरून ठेवण्यासाठी आत प्रथिनांची बारीक जाळी विणली जाते. म्हणजे कॅल्शियमसोबत प्रथिनेही लागतात, आणि वाढ होते ती फक्त कडेला. मागे पडलेला, पांढुरका झालेला किंवा पापुद्रे सुटलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो चमकावा म्हणून खोबरेल तेल चोळणारे पालक मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण त्या तेलाने शंखाचे पोषण होत नाही. कॅल्शियम शरीरात जाते ते प्रामुख्याने खाण्यातून आणि थोडे पायाच्या तळव्यातून, ओलसर मातीच्या स्पर्शाने.

आता खाण्याकडे येऊ. गोगलगाईची जीभ कानसेसारखी असते. तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात आणि त्यांनी ती अन्न खरवडून घेते. त्यामुळे कॅल्शियम तिच्यापुढे असे ठेवावे की तिला ते खरवडता येईल. सर्वांत सोयीचे म्हणजे पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात ते कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाचे आतले पांढरे कवच, अर्थात आपल्याकडचे समुद्रफेन. घरातले दिवे मालवल्यावर टाकीजवळ बसले, तर पॉलिशपेपर हळूहळू घासावा तशी खरखर ऐकू येते, आणि सकाळी त्या पांढऱ्या तुकड्यावर बारीक कंगवा फिरवल्यासारख्या समांतर रेघा दिसतात. त्या रेघा दिसल्या की कॅल्शियम खाल्ले गेले असे खुशाल समजावे. आणखी एक खूण म्हणजे विष्ठा. गाजर खाल्ल्यावर ती नारिंगी होते, पाल्यानंतर हिरवी आणि समुद्रफेन खाल्ल्यावर पांढरी. मी दर सकाळी आधी विष्ठेचा रंग पाहतो. वजनकाट्याइतकाच तो उपयोगी पडतो.

कॅल्शियमची पूड सगळ्याच भाज्यांवर भुरभुरणे ही मात्र चूक आहे. पूड चिकटलेली भाजी काही गोगलगाई टाळतात, आणि ज्या खातात त्यांना कॅल्शियम कमी-जास्त घेण्याची मोकळीक उरत नाही. वाढत्या पिल्लाला आणि अंडी धरलेल्या गोगलगाईला ते जास्त लागते, पूर्ण वाढलेलीला कमी. म्हणून समुद्रफेनाचा तुकडा भाजीपासून वेगळा, पण बारा महिने टाकीत असावा. अंड्याची टरफले वापरायची असल्यास ती धुऊन, उकळून, कडक वाळवून मिक्सरमध्ये अगदी बारीक दळावीत आणि वेगळ्या ताटलीत ठेवावीत. कोकणच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेले समुद्रफेन थेट देऊ नये. पाणी रोज बदलत ते काही दिवस भिजत ठेवून मीठ उतरवावे, कारण मीठ गोगलगाईच्या शरीरातील पाणी शोषून घेते.

आपल्या लोकांकडून होणारी एक चूक गंभीर आहे. ‘कॅल्शियमच हवे ना, मग पानाचा चुना चालेल,’ असे एका काकूंनी मला अगदी सहज सांगितले होते. तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असतो आणि गोगलगाईच्या ओल्या, उघड्या त्वचेला पोळतो. समुद्रफेन, अंड्याचे टरफल आणि चुनखडीची पूड यांत असते ते कॅल्शियम कार्बोनेट. चुना कितीही थोडा असला तरी तो टाकीत जाऊ देऊ नये. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांत ‘ड’ जीवनसत्त्वापासून गोडीच्या पदार्थांपर्यंत बरेच काही मिसळलेले असते.

पालकाविषयीचा आमचा गैरसमज असाच महागात पडला. पालकात कॅल्शियम असते हे खरे. पण त्याच पानातील ऑक्झलेट नावाचे द्रव्य त्याला बांधून ठेवते आणि आतड्यातून फारसे शोषले जाऊ देत नाही. आंबट चुका, बीटची पाने आणि रूबार्ब यांचेही तेच. त्याऐवजी केल, डँडेलियनची पाने, लाल भोपळा, रताळे, गाजर, झुकिनी हे आलटून पालटून द्यावे. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतील पाने आणू नयेत आणि दुकानातील भाजी नीट धुऊन घ्यावी. उरलेली फोडणीची भाजी, भात किंवा पोळी कधीही देऊ नये.

काकडीचे वेगळे सांगावे लागते. तिच्यात सुमारे पंच्याण्णव टक्के पाणीच असते, पण गोगलगाईंना ती इतकी आवडते की रोज मिळाल्यास त्या दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. अशी सवय लागलीच असेल, तर काकडी पूर्ण बंद करून संध्याकाळी रताळ्याची पातळ, किंचित वाफवलेली चकती ठेवावी आणि शिळे तुकडे रोज सकाळी काढावेत. निरोगी, पूर्ण वाढलेली गोगलगाय एक-दोन रात्री उपाशी राहिली म्हणून घाबरून जाऊ नये. आमच्या धाकट्या गोगलगाईने तिसऱ्या रात्री रताळ्याला मधोमध भोक पाडले.

प्रथिने आठवड्यातून एकदा, चिमूटभर पुरतात. पाळीव माशांसाठी मिळणारे बिनमिठाचे सुके गॅमारस (कोळंबीसारखे बारीक जलचर) भिजवून देता येते. शाकाहारी घरात मऊ शिजवलेले मटार आणि मशरूम यांवर थोडीफार भिस्त ठेवता येते. स्वयंपाकघरातील सुकट किंवा जवळा मात्र नको, त्यात मीठ असते. प्रथिने वा कॅल्शियम कमी पडले किंवा टाकीत दाटी झाली, की गोगलगाई एकमेकींचे शंख खरवडू लागतात. शंखाच्या टोकाकडे खडबडीत पांढरे चट्टे दिसले, तर हे आधी तपासावे आणि खरवडणारीला काही दिवस वेगळे ठेवावे.

आहार सुधारूनही फरक पडत नसेल, तर तापमान आणि माती पाहावी. या गोगलगाईंना साधारण वीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस मानवते. इथल्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झाले की खोली त्याखाली जाते, भूक मंदावते, आणि पुढे गोगलगाय शंखाच्या तोंडावर पांढरट पडदा धरून आत मिटून घेते. पुष्कळ जण ती मेली असे समजतात. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, टाकीच्या बाजूला, थर्मोस्टॅट लावून बसवावी. तळाखाली ठेवल्यास उष्णतेपासून बचावासाठी मातीत शिरणारी गोगलगाय थेट उष्णतेवरच जाऊन बसते. मिटलेली गोगलगाय जागी करण्यासाठी कोमट पाण्याचा हलका शिडकावा पुरतो. मातीसाठी पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर) वापरू नये, कारण ते आम्लधर्मी असून शंख झिजवते. धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेऊन त्यात चुनखडीची थोडी पूड मिसळावी. उचलताना शंखाची कड धरू नये, कारण ताजी वाढ सहज तुटते. ओला हात पुढ्यातून सरकवला की ती स्वतःहून तळहातावर येते. नंतर हात साबणाने धुवावेत.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी बागेतील शंखी गोगलगाय उचलून पाळू नये. ही तीच जात आहे, जी १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यात आणली गेली आणि आज मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन शेतकऱ्यांना दुबार पेरणीच्या दारात उभी करते. शिवाय उघड्यावरील गोगलगाईत उंदराच्या फुप्फुसातील जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. अमेरिकेत ती पाळणे बेकायदेशीर आहे.

अंड्यांचा हिशेबही कॅल्शियमच्याच खात्यात जातो. एका वेळी शंभराहून अधिक अंडी पडू शकतात आणि त्यांची टरफलेही त्याच कॅल्शियमची असतात, म्हणून अंडी घातल्यानंतरच्या दिवसांत समुद्रफेन झपाट्याने संपते; तेव्हा नवा तुकडा आधीच आणून ठेवावा. नको असलेली अंडी दर आठवड्याला माती चाळून शोधावीत आणि फेकण्यापूर्वी किमान चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवावीत. ब्रिटनमध्ये ही गोगलगाय बाहेर सोडणे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाली, तर टरफले लगेच उचलू नयेत: पिल्ले पहिले काही दिवस तीच खातात.