चित्रातलं गाजर आणि मिरगातली माती: मुलांना भाजी शिकवताना या चुका टाळा

रविवारी सकाळी आमच्या पडवीत चार ते सात वर्षांची आठ-दहा मुलं जमतात. चित्रांचं एखादं पुस्तक वाचायचं, मग परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, जाऊन काहीतरी लावायचं आणि जे उगवेल ते कधीतरी शिजवायचं, एवढाच कार्यक्रम. सिंधुदुर्गातलं गाव, घराला परडं, बावीला पाणी. यात चुकण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच वर्षी इतकं चुकलं की तिसऱ्या आठवड्यापासून निम्मी मुलं फक्त खोबऱ्याच्या वड्यांसाठी येत होती.

पुस्तकातला महिना आपला नसतो

सुरुवात मी गाजराच्या पुस्तकाने केली. चित्रं सुरेख. गमबूट घातलेला मुलगा, काळी भुसभुशीत माती, शेवटच्या पानावर हातभर गाजर. पुस्तक मिटलं आणि त्याच उत्साहात मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या मृग नक्षत्राच्या, तोंडावर वाफा करून गाजराचं बी टाकलं. पुढे काय झालं ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गाजराचं बी बारीक, त्याला हवी थंडी. पहिल्या मोठ्या सरीत वाफाच गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, वाहत गेला. पंधरा दिवसांनी तिथे फक्त लव्हाळा होता. एका पोराने शांतपणे विचारलं, "बाई, आमची गाजरां त्या झिलान व्हरली काय?" म्हणजे पुस्तकातल्या मुलाने नेली का. त्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. आमच्याकडे गाजर नाही, त्याच्याकडे आहे.

बाजारात मिळणारी बरीच चित्रपुस्तकं थंड मुलखातल्या ऋतूंवर बेतलेली असतात. बर्फ वितळलं की पेरणी, उन्हाळ्यात काढणी. ती वाचू नयेत असं मी म्हणणार नाही, बर्फाची मजा मुलांना येतेच. फक्त त्यातलं बघून पेरू नका. आता मी पेरणीसाठी घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने आपला महिना लिहिते. पडवळ, दोडका, तवसं (पावसाळी काकडी), भोपळा, भेंडी यांच्या गोष्टी मिरगात. पालेभाजी आणि कंदमुळाच्या गोष्टी भात कापून झाल्यावर, वायंगणात, म्हणजे पावसानंतरच्या हंगामात. गाजराचं ते पुस्तक आता नोव्हेंबरात निघतं आणि त्याच्या जोडीला आम्ही मुळा लावतो. मुळाही जमिनीतून उपटायचा असतो, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाताशी येतो आणि उपटताना मागे धाडकन पडायला होतं. मुलांना गाजरापेक्षा त्या पडण्यातच रस असतो, हे मला उशिरा कळलं.

दोन पानांत भोपळा

पुस्तकात एका पानावर बी, पान उलटलं की वेल, आणखी एक उलटलं की भोपळा. चार वर्षांच्या मुलाला आठवडा म्हणजे काय हेच अजून कळत नसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ते माती उकरून बघतं. आपण ओरडतो. चूक त्याची नसते, आपण गोष्ट एका बैठकीत संपवून टाकलेली असते.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचा चाप. पुस्तक पहिल्यांदा अर्धंच वाचायचं. अंकुराच्या पानाशी आलं की चाप लावायचा. परड्यात अंकुर दिसला की चाप काढायचा आणि पुढचं पान. वेलाला तणावा फुटला की त्याच्या पुढचं. पुस्तक दोन महिने चालतं. मधल्या काळात मुलं हात धुऊन, पुस्तक उचलून थेट मांडवाखाली जातात आणि चित्र वेलाशेजारी धरून बघतात. पानांना मातीचे डाग पडतात ते सोसावं लागतं.

मात्र पहिलं पीक दोन महिन्यांचं नको, मुलांचा धीर सुटतो. आमच्याकडे पहिला मान तांबड्या भाजीचा, पुस्तकात जिला लाल माठ म्हणतात तिचा. बी काळं, चकचकीत, मोहरीहूनही बारीक. तीन-चार दिवसांत मातीवर गुलाबी धाग्यांसारखी रेघ उमटते आणि महिन्याभरात कापणी. चवळी चार-पाच दिवसांत मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन वर येते, ते बघण्यासारखं असतं. पडवळ आणि कारल्याचं बी मात्र जाड सालीचं, त्याला आठ-दहा दिवस लागतात. बी रात्रभर पाण्यात भिजवलं तर थोडं लवकर.

मेलेलं रोप गुपचूप बदलणं

ही माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. प्रत्येक मुलाची एकेक करटी होती. नारळाच्या डोळ्याकडची अर्धी करवंटी घ्यायची, मऊ डोळा खिळ्याने फोडायचा, पाणी निघून जायला वाट आपोआप तयार. त्यात भेंडी. एका मुलीचं रोप शनिवारी रात्री मानेतून कुजून आडवं पडलं. सकाळी ती रडेल म्हणून मी शेजारच्या वाफ्यातलं एक रोप उचलून तिच्या करटीत लावलं. ती आली, खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यां माझां नाय. ह्येका चार पानां आसत, माझ्याक दोनच होती."

काय सांगणार? खरं सांगितलं. मग दोघींनी मिळून जुनं रोप शोधून काढलं, देठाचा काळा पडलेला भाग बघितला, करटीतली चिकट ओली माती बोटांनी दाबून बघितली. ती रडली नाही. उलट पुढच्या रविवारी इतरांच्या करट्या दाबून "पाणी जास्त" असं सांगत फिरली.

तेव्हापासून न उगवलेलं बी लपवायचं नाही, मुलांसमोर उकरायचं, असा नियम केला. उकरल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसते. बी मऊ, बुळबुळीत असेल तर पाणी साचलं, वाफा उंच करा, मातीत वाळू मिसळा. बी जसंच्या तसं टणक असेल तर परत झाका आणि थांबा. बी जाग्यावरच नसेल तर मुंग्या. तांबड्या भाजीचं बी तर मुंग्या रांगेने वाहून नेतात. ते राखेत घोळून टाकलं तर सारखं पसरतं आणि मुंग्याही थोड्या बिचकतात. आणि उगवलेल्याची पानं रात्रीत गायब झाली तर कंदील घेऊन जा, गोगलगायी सापडतील. मुलांच्या लेखी हीच दिवसाची सर्वांत चांगली गोष्ट असते.

"फूल पडला, आता भोपळो नाय"

चित्रकार बहुतेक वेळा कुठल्याही फुलाखाली फळ काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात भोपळ्याच्या वेलावर आधी नर फुलं येतात, एकामागून एक गळून पडतात आणि मुलं हिरमुसतात. मोठी माणसंही "वेल वांझ दिसतो" म्हणून मोकळी होतात. घाई करू नका. फुलामागे वाटाण्याएवढा गोल भोपळा दिसतो का, ते मुलांना शोधायला लावा. तो असेल तर मादी, नुसता बारीक देठ असेल तर नर. पावसाची झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि मादी फुलंही पिवळी पडून गळतात. अशा वेळी सकाळी लवकर, फूल मिटायच्या आत, नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. हे काम पाच वर्षांचं मूल माझ्यापेक्षा नीट करतं. मग त्या भोपळ्याला दोरा बांधायचा, कुणी केला ते कळावं म्हणून.

पडवळाचं फूल तर दिवसा उमललेलं दिसतच नाही. ते रात्री फुलतं, पांढरं, पाकळ्यांच्या कडांना तंतूंची झालर. एकदा तरी मुलांना रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन मांडवाखाली न्या. पायात चपला हव्यातच आणि गडग्याच्या भोकांपासून लांब, कारण जांभ्या दगडांच्या फटीत फुरसं, हा विषारी साप, असतं. हे भीती घालायला म्हणून नव्हे, पुस्तकात कधी नसतं म्हणून सांगते.

तवसं की काकडी?

मूल तवसं म्हणालं की "काकडी म्हण" असं टोकू नका. शिराळं आणि दोडका, तांबडी भाजी आणि लाल माठ, दोन्ही नावं चित्राखाली लिहा. शिवाय पावसाळ्यातलं आपलं तवसं आणि बाजारातली बोटभर काकडी एक नव्हेच. तवसोळी हा तवशाचा गोड पदार्थ करून बघा एकदा बाजारच्या काकडीचा.

चुलीपाशी मुलं नुसती बघत बसतात

लावण्यात मुलांना घेतो आणि शिजवताना "लांब हो, भाजेल" म्हणून उंबऱ्यावर बसवतो. पुस्तकातही शेवटी टोपी घातलेला कुणीतरी वाफाळतं भांडं घेऊन उभा असतो. मधलं सगळं गायब. विळी आणि विस्तव मोठ्यांकडे राहू द्या, पण निवडणं, शेंगा सोलणं, धुणं, चिंच कोळणं, खोबरं पसरणं ही खरी कामं आहेत. तांबडी भाजी धुताना पाणी लाल होतं, मग फोडणीत भाजी टाकली की पातेलंभर पाला मूठभर होतो. "बाकीची खंय गेली?" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि झाकण काढून वाफेवर बशी धरली की थेंबाथेंबाने उत्तरही मिळतं.

अळूची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एका पुस्तकात ससा हिरवी पानं कच्ची खातो. ते वाचून झालं, आम्ही परड्यात गेलो आणि एकाने अळूचं पान चावलं. ओठ, जीभ, घसा, सगळं खाजायला लागलं. चुळा भरायला लावल्या, ताक दिलं, तासाभरात बरं वाटलं, पण त्याच्या आईसमोर माझी जी अवस्था झाली ती विचारू नका. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून अळू नीट शिजवतात आणि चिंच नाहीतर आमसुलं घालतात. हे मुलांना आधी सांगा, चव बघायचं पान कुठलं आणि विचारल्याशिवाय तोंडात काहीच घालायचं नाही, हेही. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला, म्हणजे माटवीला, बांधलेलं लालभडक कवंडळ हे रानफळ असंच, दिसायला गोड, पण खायचं नसतं. एरवी माटवीसारखं चित्रपुस्तक नाही. तवसं, दोडके, सुपारीचं शिपटं, रानातली फळं, सगळं डोक्यावर टांगलेलं. आम्ही पुस्तकातली भाजी माटवीत शोधतो आणि दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीच्या भाजीत परत ओळखतो. बैल न लावता पिकवलेलंच त्या दिवशी का खायचं, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

बियांबद्दल एक. दुकानातल्या पाकिटात गुलाबी, हिरवं, निळं रंगवलेलं बी असेल तर ते मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग बुरशीनाशक लावल्याची खूण असते, आणि मुलांना ती गोळी वाटते. घरचं गावठी बी घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पडवळाचं कोकण श्वेता किंवा कारल्याचं कोकण तारा हे आपल्या हवेतले वाण, पण त्यांचंही बी घेताना औषध लावलंय का ते विचारून घ्या.

"खाल्लीस तर पुढचं पान"

हे नको. भाजी खाल्ल्याने ताकद येते, असं प्रत्येक पानावर बजावणारी पुस्तकंही मी बाजूला काढली आहेत. मुलांना वास लगेच येतो. दोन ते सहा वर्षांत अनोळखी चवीला नकार देणं स्वाभाविकच असतं, आणि एकच भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावर कधीतरी बोट लागतं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात केलेल्या अभ्यासात आई-वडिलांनी दोन आठवडे रोज काही मिनिटं एखाद्या भाजीचं चित्रपुस्तक लहान मुलांना दाखवलं, तर मुलं ती अनोळखी भाजी चाखायला जास्त तयार झाली. नुसतं दाखवलं, लाच दिली नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले हाताशी घेतले. मला रविवारी त्याची आठवण होते, विशेषतः पुस्तक सोडून सगळी मुलं चवळीच्या शेंगा मोजत बसतात तेव्हा.

पुस्तकं महाग पडत असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळतात, छापून घेता येतात. पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर लागते, म्हणून श्रावण सरला की एकदा उन्हात पसरून ठेवा.

शेवटचं पान जेवणाचं नको

जवळजवळ सगळ्या पुस्तकांत गोष्ट ताटाशी संपते. आम्ही एक जादा पान चिकटवतो. मांडवावर एक पडवळ न तोडता ठेवायचं. ते नारिंगी होतं, मग लाल, आणि एक दिवस टोकाकडून फुटतं. आत लाल गर आणि त्यात बिया. गर धुऊन, बी सावलीत वाळवून, राखेत घोळून बरणीत. तवशाचं बी शेणात कालवून भिंतीला थापायची जुनी रीत मुलांना फार आवडते. थापा, पण मुलांचा हात पोचणार नाही इतकं वर. आमच्याकडे एकाने मिरग यायच्या आतच मोजता मोजता सगळं सोलून काढलं होतं. एकशे सात निघाली, असं त्याचं म्हणणं.