भारतातली बारावी घेऊन ब्रिटनच्या कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीत ॲडमिशन कशी घ्यायची

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तिकडे तुमची बारावी चालेल की नाही हे सरकार ठरवत नाही, एजंट तर अजिबात नाही, ती ती युनिव्हर्सिटी ठरवते, आणि एकाच युनिव्हर्सिटीत दोन कोर्सचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून पहिलं काम म्हणजे युनिव्हर्सिटीच्या साइटवर इंटरनॅशनल विभागात जाऊन इंडियाचं पान उघडायचं. तिथे बोर्डाचं नाव नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी सीबीएसई आणि आयएससीला एक टक्केवारी आणि स्टेट बोर्डाला त्याहून जास्त असं लिहिलेलं असतं, त्यामुळे एचएससीवाल्यांनी सीबीएसईचा आकडा बघून खूश होऊ नका. टक्केवारी सगळ्या विषयांची की बेस्ट फोरची तेही बघा, यात खूप मुलांचा गोंधळ होतो.

पानावर तुमच्या बोर्डाचं नावच नसेल तर ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करा. बोर्ड, वर्ष, विषय, मार्क, कोणता कोर्स, एवढं लिहून मार्कशीट जोडा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर कोणी हो म्हणालं तरी लेखी मागाच.

आता यूके एनिक. परदेशी सर्टिफिकेट ब्रिटनमधल्या कोणत्या लेव्हलच्या बरोबरीचं आहे ते सांगणारी ही संस्था, आधी तिचं नाव नॅरिक होतं, २०२१ पासून एनिक. तिथून पैसे भरून स्टेटमेंट ऑफ कम्पॅरॅबिलिटी मिळतं. पण बऱ्याच युनिव्हर्सिट्या डिग्रीसाठी ते मागत नाहीत, त्यांचे स्वतःचे तक्ते असतात. मागितलं तरच काढा, उगाच आधी पैसे घालवू नका. आणि ते मिळालं म्हणजे ॲडमिशन मिळाली असंही नाही.

दहावीची मार्कशीट फाइलच्या तळाला टाकून विसरू नका! तिकडे सोळाव्या वर्षी जीसीएसई नावाची शालेय परीक्षा असते आणि खूप कोर्सना त्यात गणित आणि इंग्लिशमध्ये ग्रेड ४ किंवा जास्त लागते, आपल्याकडून त्या जागी बऱ्याचदा दहावीचे मार्क बघतात. बारावीला गणित सोडलेल्यांना तर ते फारच उपयोगी पडतात.

इंग्लिशचं म्हणाल तर काही युनिव्हर्सिट्या बारावीच्या इंग्लिशच्या मार्कांवर भागवतात, काही आयेल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा मागतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फाउंडेशनसारख्या (डिग्रीच्या आधीचं तयारीचं वर्ष) डिग्रीच्या खालच्या कोर्सला स्टुडंट व्हिसा काढायचा असेल तर आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआयसारखी व्हिसासाठी मान्य असलेली परीक्षाच लागते, साधी आयेल्ट्स चालत नाही.

डिग्रीचा अर्ज यूकॅसवरून, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या अर्जांच्या तिथल्या कॉमन साइटवरून जातो. जास्तीत जास्त पाच चॉइस, मेडिसिनचे त्यातले चारच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरीची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची मुख्य तारीख जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा कोर्स का हवा ते अर्जात स्वतः लिहायचं ते, एक लांबलचक निबंध राहिलं नाही, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, मिळून ४००० कॅरेक्टर्स. शिक्षणाच्या भागात बोर्डाचं अचूक नाव निवडा आणि नापास झालेली किंवा पुन्हा दिलेली परीक्षासुद्धा लिहा, लपवलेलं नंतर सापडलं तर ऑफर जाऊ शकते. रिझल्ट लागायचा असेल तर तो विषय पेंडिंग म्हणून टाकायचा, मग शाळेचे प्रेडिक्टेड ग्रेड (किती मार्क पडतील याचा शिक्षकांचा अंदाज) आणि रेफरन्स म्हणजे शिफारसपत्र लागतं, आपल्या शाळांना याची सवय नसते म्हणून सरांना किंवा मॅडमना लवकर गाठा. कंडिशनल ऑफर, म्हणजे ठरावीक मार्क मिळाले तरच ॲडमिशन अशी ऑफर, आली की रिझल्टनंतर मार्कशीट स्वतः युनिव्हर्सिटीला पाठवायची, आपल्या बोर्डाचा निकाल तिकडे आपोआप पोचेल असं धरून चालू नका.

बारावी पुरेशी नाही असं उत्तर आलं तरी दार बंद नाही. फाउंडेशन इयर आहे, किंवा वय कमी असेल तर कॉलेजात ए लेव्हल, म्हणजे तिकडची बारावी. आणि लग्न करून किंवा आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या, शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा हा युनिव्हर्सिटीच्या तयारीचा कोर्स खरंच चांगला आहे, नर्सिंग, सोशल वर्कसारख्या कोर्सना त्यावरून जाता येतं. कितीतरी हुशार बायका जुनी बारावी आता कोण विचारतं म्हणून घरी बसतात, त्यांनी जवळच्या कॉलेजात एकदा जाऊन बोलावंच. इंग्लिश किंवा गणित कमी पडत असेल तर त्याचे वर्गही तिथेच असतात.

शेवटचा प्रश्न फीचा. होम फी (तिथल्या लोकांची) की इंटरनॅशनल फी (बाहेरून आलेल्यांची) हा मार्कांचा विषयच नाही, तो तुमच्या राहण्याचा आणि इमिग्रेशन स्टेटसचा आहे, आणि नुसतं तीन वर्षं राहून भागत नाही, स्टेटससुद्धा बसावं लागतं. ऑफर स्वीकारायच्या आधी फी स्टेटसचा निर्णय युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या, दोन्ही फीमध्ये फरक प्रचंड आहे.