गेमिंग पीसी वर्षानुवर्षं चालवायचाय? प्रोसेसर असा निवडा

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुकानाच्या पायरीवरच विचारतात, "भैया, बजट कितना है?" आकडा सांगितला की त्यात बसणारा सगळ्यात मोठ्या नावाचा प्रोसेसर गळ्यात पडतो. म्हणून ठरवायचं ते घरूनच ठरवून निघा.

पहिलं सॉकेट बघा, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी २०१७ मध्ये घेतलेल्या एएम४ सॉकेटच्या कितीतरी मदरबोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालला; बोर्ड तोच, रॅमही तीच. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी बसली आणि २०२४ मध्ये सॉकेट बदललं. सध्याच्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत साथ देऊ, असं एएमडीने सांगितलंय. मी तरी एएम५ च घेईन: आज मधला प्रोसेसर, चार-पाच वर्षांनी त्याच बोर्डावर वरचा.

मग कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्हींत ८ कोअर आहेत आणि मोठे गेम त्यांच्यासाठीही बनतात, त्यामुळे ८ कोअर पुष्कळ झाले. हात आखडता असेल तर ६ कोअरचा रायझन ५ ७६०० आज चालून जातो. सोळा कोअर व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी घ्यावेत.

कॅशवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीवर, मात्र पैसे टाकायला हरकत नाही. रायझन ७ ७७०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, तर ७८००एक्स३डी मध्ये ९६. गेमला सारखा लागणारा डेटा तिथेच सापडला की रॅमकडे हेलपाटे कमी होतात.

हा खर्च तुम्हाला लागू आहे का, ते जुन्या पीसीवर तपासा. नेहमीचा गेम लावा, रिझोल्यूशन एकदम खाली आणा. दर सेकंदाच्या फ्रेम वाढल्या तर अडतंय ग्राफिक्स कार्डावर. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसरवर. फोर-केवर खेळणाऱ्यांचा भार बहुतेक कार्डावरच असतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा वॅटही बघा. ६५ वॅटचा ७६०० डब्यातल्या कूलरवर निभावतो. इंटेलचा आय९ १४९००के २५३ वॅटपर्यंत खेचतो आणि ती उष्णता तुमच्याच खोलीत. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरचा इंटेल सेकंडहँड घेत असाल तर जास्त व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याची भानगड विसरू नका. २०२४ नंतरचं बायोस आधी टाका.

बिलावर आणि डब्यावर मॉडेल एकच आहे ना, ते काउंटरवरच वाचा. शेवटी 'एफ' असेल तर अंगभूत ग्राफिक्स नाही: कार्ड दुरुस्तीला गेलं की मॉनिटर काळा. थोडे पैसे वाचतात खरे, पण मी बिनएफचाच घेतो.