ओढ्याकाठचा इवलासा बेडूक ओळखताना या चुका टाळा

जून सरता सरता येऊर, आरे, तुंगारेश्वर, माथेरान अशा सगळीकडून फोटो यायला लागतात. ओढ्यावर वाकलेल्या पानावर नखाएवढा तपकिरी बेडूक, फोटो वरून काढलेला, त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग. खाली प्रश्न नसतोच, थेट निकाल असतो: ‘बॉम्बे बुश फ्रॉग!’ मुंबईत सापडला, छोटा आहे आणि पानावर बसलाय, एवढ्यावर नाव पक्कं होतं. दर पावसाळ्यात तेच तेच सांगून झालं आहे, म्हणून आता एकदाचं लिहून ठेवतो.

नावात मुंबई आहे म्हणून तो मुंबईचा, असं धरू नका

बॉम्बे बुश फ्रॉगचं शास्त्रीय नाव राओर्चेस्टिस बॉम्बेयेन्सिस. ही जात 1919 साली प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल यांनी वर्णिली ती कॅसल रॉकच्या बेडकावरून. कॅसल रॉक आज कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे; तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे आपल्या अंगणातल्या प्रत्येक बुश फ्रॉगला हे नाव आपोआप लागू होत नाही. 2013 साली महाराष्ट्राच्या सह्याद्रीतूनच राओर्चेस्टिस घाटेई ही वेगळी जात वर्णिली गेली. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. दोन्ही लहान आणि दोन्हींत तपकिरी रंगाच्या नाना छटा. नुसत्या पाठीच्या फोटोवरून यांतला एक छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. मी वहीत ‘राओर्चेस्टिस, जात अनिश्चित’ असं लिहितो. नवशिक्यांना हे अपुरं वाटतं, पण चुकीच्या जातीपेक्षा (स्पीशीज) बरोबर प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) कितीतरी मोलाची आहे.

आवाज एकाचा, फोटो दुसऱ्याचा

या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण यात पुरावा असल्याचा भास होतो.

येऊरच्या एका ओढ्याकाठी, वनखात्याच्या परवानगीने निघालेल्या गटात, एक उत्साही मुलगा होता. कारवीच्या एका झुडपातून बुश फ्रॉगची टिकटिक येत होती. त्याने टॉर्च मारला, पहिल्याच पानावर पिटुकला बेडूक दिसला, धडाधड फोटो काढले. ‘ऐकलं ना? हाच!’ आवाजाचं रेकॉर्डिंग आणि फोटो एकत्र जोडून त्याने नोंद टाकलीही. मी त्याला फक्त एवढंच विचारलं, की ओरडताना त्याचा गळा फुगलेला बघितलास का? बघितला नव्हता. मग सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले आणि थांबलो. अंधार झाला तसा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि तो येत होता त्या पानाच्या बराच खालून, झुडपाच्या आतून. हळूच लाल उजेड धरला तर आत खरा बुश फ्रॉग बसला होता. गळ्याचा फुगा जवळजवळ त्याच्या डोक्याएवढा, पातळ, आरपार दिसणारा.

मग वरच्या पानावरचा कोण? फोटो मोठा करून बघितला तर त्याला शेपटीचं बारीकसं खुंट होतं. तिथेच निकाल लागला. बुश फ्रॉग पाण्यात टॅडपोल, म्हणजे शेपटीवालं पिल्लू, म्हणून जगतच नाहीत. त्यांची वाढ अंड्याच्या आतच होते आणि बाहेर येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा पुरता बेडूक. जवळजवळ दोन सेंटिमीटरचा बेडूक शेपटीचं खुंट घेऊन बसला असेल तर तो नुकताच पाण्यातून वर आलेला आहे. हा होता आपला नेहमीचा झाडबेडूक, पॉलिपिडेटिस मॅक्युलॅटस, जो मोठा झाल्यावर गावाकडच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला सापडतो. त्याचं फेसाचं घरटं साचलेल्या पाण्यावर असतं, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची पिल्लं आजूबाजूच्या पानांवर ढिगाने बसलेली दिसतात.

नोंद त्याने काढून टाकली खरी, पण तोवर ती दोन याद्यांत उतरली होती. अशा नोंदी कोणी मागे जाऊन दुरुस्त करत नाही. उद्या कोणी नकाशा काढायला बसला की तो ठिपका तिथे असणार, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

माझी सवय साधी आहे: फुगा फुगलेला दिसल्याशिवाय आवाज त्या बेडकाच्या नावावर लिहायचा नाही. आणि मागच्या पायाचा फोटो घ्यायचाच. पॉलिपिडेटिसच्या बोटांमध्ये पडदा चांगला भरलेला असतो, बुश फ्रॉगमध्ये तो नावापुरता. वाढलेल्या पॉलिपिडेटिसच्या मांडीमागे पिवळे गोल ठिपके दिसतात. त्यासाठी बेडूक पकडायची गरज नाही. तो चढायला लागला की मांडी आपोआप उघडी पडते. पाच-दहा मिनिटं थांबायचा धीर मात्र हवा, आणि नेमका तोच हल्ली कुणाकडे नसतो.

ओढ्यात आहे आणि बोटांना चकत्या आहेत, म्हणून झाडबेडूक नव्हे

बोटांच्या टोकांना अशा चपट्या चकत्या बऱ्याच बेडकांना असतात. ओल्या खडकावर बसलेला, सुरकुतलेल्या कातडीचा बेडूक दिसला की आधी डोळा बघा. बाहुली चौकटच्या आकाराची असेल तर तो नाइट फ्रॉग, आपल्याकडे बहुधा निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा हा बेडूक ओढ्यावरच्या पानांवर अंडी घालतो आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. बाहुली आडवी आणि उडी लांबलचक असेल तर इंडिराना. यांतला इंडिराना लीथी 1888 साली बुलेंजे यांनी माथेरानच्याच नमुन्यावरून वर्णिला, म्हणजे हा खरा आपल्या भागातला. त्याच्या कुळातले टॅडपोल पाण्याच्या पातळ थराखाली उभ्या कातळाला चिकटून असतात आणि हात लागला की टुणकन उडतात. सोनेरी पाठीचा, ओढ्याकाठच्या झुडपात बसणारा इंडोसिल्व्हिराना हाही झाडबेडूक नाही.

वाहत्या ओढ्यात टॅडपोल वाढवणारे खरे झाडबेडूक म्हणजे घाटिक्सॅलस. ही प्रजाती 2008 साली मांडली गेली आणि ती निलगिरी व तिच्या दक्षिणेच्या उंच डोंगरांत राहते. माळशेजला घाटिक्सॅलस सापडल्याचा फोटो मला दरवर्षी कोणीतरी पाठवतंच. मोबाईलमधलं प्राणी ओळखणारं अ‍ॅप पहिलं नाव सुचवतं ते बहुधा फोटोत दिसतं त्यावरून. तुम्ही उभे आहात तो डोंगर कोणता, हे तपासायचं काम तुमचं आहे.

रंगावर भिस्त ठेवू नका. एकच बेडूक संध्याकाळी फिकट आणि तासाभराने गडद दिसू शकतो.

आकार अंदाजाने लिहू नका. बेडूक गेल्यावर ते पान पट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बेडकाला बाहेर काढू नका. त्याची विणीची रात्र तुमच्या फोटोसाठी नाही.

डास पळवायचं क्रीम लावलेल्या हाताने बेडकाला शिवू नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते. क्रीम नसलं तरीही शिवू नका. एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन, वाळवून मगच घाला. चिट्रिड बुरशीने जगात बेडकांच्या अनेक जाती संपवल्या आहेत, आणि ती ओल्या चिखलातूनही जाऊ शकते.

दगड उलथलात तर होता तसाच परत ठेवा. रात्री राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरू नका. वर डोंगरात पाऊस कोसळत असेल आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर समोर कोणताही बेडूक असो, कॅमेरा उचलून काठावर या.