उपग्रहाची कुंडली मांडताना या चुका टाळा

ऑक्टोबर १९५७ मध्ये जगभरच्या लोकांनी आभाळात सरकणारा ठिपका पाहिला आणि स्पुटनिक पाहिला म्हणून सांगितलं. त्यांनी पाहिलं ते बहुतेक वेळा त्याला वर घेऊन गेलेल्या रॉकेटचं धड होतं. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. अंतराळातल्या वस्तूंच्या अमेरिकी नोंदवहीत, म्हणजे कॅटलॉगातही, पहिला क्रमांक त्या रॉकेटला मिळालाय, स्पुटनिकला दुसरा.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी हौसेने उपग्रहांची यादी करायला घेतली, आणि पहिलीच ओळ चुकवली. क्रमांक १ समोर 'स्पुटनिक १' लिहिलं, पडल्याची तारीख १ डिसेंबर १९५७ टाकली. ती रॉकेटची. उपग्रह त्यानंतर महिनाभराने, ४ जानेवारी १९५८ ला वातावरणात शिरून जळाला. तेव्हापासून कुठलीही नोंद घेताना आधी एकच विचारतो: ही तारीख, हा आकडा नक्की कुठल्या तुकड्याचा?

क्रमांक दोन, अर्थ दोन

प्रत्येक वस्तूला दोन ओळखी असतात. आंतरराष्ट्रीय, म्हणजे कॉस्पारचा (अंतराळ संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) क्रमांक जन्म सांगतो: वर्ष, त्या वर्षी कक्षेत पोचलेलं कितवं प्रक्षेपण, आणि त्यातली कुठली वस्तू. आर्यभट १९७५-०३३ए आहे. कॅटलॉग क्रमांक (जुनी मंडळी त्याला नोराड या अमेरिका-कॅनडाच्या संरक्षण संस्थेवरून अजूनही नोराड नंबर म्हणतात) हा नुसता हजेरीपटावरचा चढता आकडा, आर्यभटचा ७७५२. १९६२ पर्यंत पहिल्या प्रकारात ग्रीक अक्षरं होती, म्हणून जुन्या कागदपत्रांत स्पुटनिक '१९५७ आल्फा २' दिसतो आणि अमेरिकेचा व्हॅनगार्ड १ '१९५८ बीटा २'. नव्या पद्धतीत तेच १९५७-००१बी आणि १९५८-००२बी. या पद्धतीत आय आणि ओ ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. कुणाच्या यादीत 'ओ' दिसला तर ते शून्य समजा.

खरा सापळा आहे तो वर्षाचा. क्रमांकातलं वर्ष मूळ प्रक्षेपणाचं असतं, ती वस्तू वेगळी झाली त्याचं नव्हे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग, झार्या, २० नोव्हेंबर १९९८ ला वर गेला आणि १९९८-०६७ए झाला. त्यानंतर स्थानकावरून सोडलेला प्रत्येक क्यूबसॅट (छोटा, ठोकळ्यासारखा उपग्रह) १९९८-०६७ याच घराण्यात जन्मतो, मग तो बनवणारी मुलं १९९८ मध्ये जन्मलेलीही नसोत. नोव्हेंबर २००८ मध्ये स्पेसवॉक करताना हातून निसटलेली हत्यारांची पिशवीसुद्धा याच घराण्यातली. उलट टोकाचं उदाहरण फेंगयुन १सी हा चिनी हवामान उपग्रह. प्रक्षेपण मे १९९९, क्रमांक १९९९-०२५ए. ११ जानेवारी २००७ ला चीनने क्षेपणास्त्राने तो फोडला आणि नोंदले गेलेले तीन हजारांहून जास्त तुकडे १९९९-०२५ च्याच नावावर चढले. क्रमांकावरून वर्षवार आलेख काढलात तर १९९९ मध्ये अंतराळात कचऱ्याचा महापूर आला असं दिसेल.

कक्षेत न पोचलेल्या प्रक्षेपणाला हा क्रमांक मिळतच नाही. १० ऑगस्ट १९७९ चं भारताच्या एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण यादीत सापडणार नाही. १८ जुलै १९८० चं सापडेल, रोहिणी, १९८०-०६२ए. त्यामुळे कुठल्या देशाची प्रक्षेपणं किती टक्के यशस्वी, हे नुसत्या कॅटलॉगवरून काढू नका. नापास झालेले त्या वर्गात बसलेलेच नसतात. आणि उलटही होतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला भारताचा दिशादर्शक उपग्रह आयआरएनएसएस-१एच वर गेला, पण उष्णतारोधक कवच सुटलंच नाही आणि उपग्रह त्याच्या आत अडकून राहिला. मोहीम फसली, तरी ते सगळं गाठोडं कक्षेत पोचलेलं असल्यामुळे कॅटलॉगात मात्र व्यवस्थित हजर.

नावांवर तर विसंबूच नका. १२ सप्टेंबर २००२ ला सोडलेला भारताचा हवामान उपग्रह मेटसॅट फेब्रुवारी २००३ मध्ये कल्पना-१ झाला. शुक्राकडे निघालेलं आणि पृथ्वीभोवतीच अडकलेलं सोव्हिएत यान १९७२ मध्ये कॉसमॉस ४८२ या बिनचेहऱ्याच्या नावाखाली झाकलं गेलं. नाव शोधून सापडलं नाही तर क्रमांकाने शोधा, दरवेळी.

प्रक्षेपणाची तारीख: भांडण नको, यूटीसी लिहा

भारताचा दळणवळण उपग्रह जीसॅट-३० कधी गेला? भारतीय बातम्यांत १७ जानेवारी २०२०, पहाटे २.३५. कॅटलॉगात १६ जानेवारी, कारण यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनुसार, तेव्हा आदल्या रात्रीचे ९.०५ झाले होते. अमेरिकेच्या एक्स्प्लोरर १ चंही तसंच: फ्लोरिडाच्या घड्याळात ३१ जानेवारी १९५८, रात्री १०.४८, यूटीसीत १ फेब्रुवारी. दोन्ही बरोबर. चूक होते ती एकाच रकान्यात दोन्ही प्रकारच्या तारखा मिसळल्या की. माझ्याकडे आता एक रकाना फक्त यूटीसीचा. स्थानिक वेळ शेऱ्यात.

'कक्षा' या रकान्यालाही तारीख जोडायलाच हवी. जीसॅट-३० ला रॉकेटने एका लांबट कक्षेत सोडलं, तिथून ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत तो स्वतःच्या इंजिनावर गेला. पहिल्या दिवशीचे आकडे आणि महिन्यानंतरचे आकडे जुळत नाहीत म्हणून कुणीतरी चुकलंय असं नसतं.

टीएलईच्या दोन ओळी

कक्षेचा इतिहास बहुतेक जण टीएलई (टू-लाइन एलिमेंट) नावाच्या नोंदींवरून काढतात: ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळी, प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. स्वल्पविराम नाहीत, काही ठिकाणी दशांशचिन्हही नाही. चॅटमधून कॉपी करून आणल्या की मधल्या मोकळ्या जागा आवळल्या जातात आणि सगळे रकाने सरकतात. ओळीतलं शेवटचं अक्षर हे तपासणीचा अंक असतं. तो जुळला नाही तर ती ओळ दुरुस्त करत बसू नका, मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्या.

माझी सर्वांत हास्यास्पद चूक इथलीच. स्थानकाच्या एका जुन्या ओळीत विकेंद्रतेच्या (कक्षा किती लांबट ते सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी ०००६७०३ होतं. याचा अर्थ ०.०००६७०३, 'शून्य दशांश' गृहीत धरलेलं असतं. स्प्रेडशीटने पुढची शून्यं आगाऊपणे खाल्ली, उरलं ६७०३, आणि मी त्याच्या पुढे 'शून्य दशांश' लावून ०.६७०३ केलं. आता हिशेब बघा. दिवसाला साधारण १५.५ फेऱ्या, म्हणजे एक फेरी सुमारे ९३ मिनिटांची, म्हणजे कक्षेची अर्धी लांबी जवळपास ६,७९५ किलोमीटर. त्यातून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ वजा केली की सरासरी उंची ४१७. बरोबर विकेंद्रतेने पेरिजी (पृथ्वीच्या सर्वांत जवळची जागा) ४१२ आणि अपोजी (सर्वांत दूरची) ४२२ च्या आसपास येते. माझ्या विकेंद्रतेने पेरिजी आली पृथ्वीच्या केंद्रापासून २,२४० किलोमीटरवर. माणसांसकट स्थानक दर दीड तासाला पृथ्वीच्या गाभ्यात बुडी मारून येत होतं! हे रकाने आयात करताना 'मजकूर' म्हणूनच घ्या, आकडा म्हणून नको.

तारखेतही एक दिवस हमखास निसटतो. '२४०६०.५' म्हणजे २०२४ चा ६० वा दिवस, दुपारी १२ यूटीसी. १ जानेवारीत ६० मिळवलेत तर १ मार्च येईल. पण १ जानेवारी हाच पहिला दिवस आहे, शून्यावा नव्हे. बरोबर उत्तर २९ फेब्रुवारी. दोन अंकी वर्षात ५७ ते ९९ म्हणजे १९५७ ते १९९९, बाकी सगळी या शतकातली.

भूस्थिर उपग्रहासाठी २४ तास धरून गणित केलं तर कक्षा ७७ किलोमीटर जास्त येते. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत फिरते, तीच वेळ धरा. आणि टीएलईतले आकडे सरासरी काढलेले असतात, एसजीपी४ नावाच्या गणिती पद्धतीसाठीच बेतलेले. शाळेतल्या केप्लरच्या सूत्रात घालून 'अमुक मिनिटाला अमुक जागी' असं काढलं तर फसाल.

आलेखात उडी दिसली तर

अनेक वर्षांच्या उंचीचा आलेख काढला की उड्या दिसतात. स्थानकाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो: हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली, मग इंजिन पेटवून झटक्यात वर. ती चूक नाही. निकामी उपग्रह मात्र स्वतःहून वर चढत नाही. तसं दिसलं तर आधी कक्षेचा कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) बघा. कल बदलायला इंधन अतोनात लागतं, म्हणून तो सहसा फार हलत नाही. एकाच नोंदीपुरती उंची आणि कल दोन्ही उडाले आणि पुढच्या नोंदीत जागेवर आले, तर ती शेजारच्या वस्तूची ओळ चुकून याच्या नावावर पडलेली असते.

प्रक्षेपणानंतरचे पहिले काही दिवस तर ओळखीचा गोंधळ ठरलेलाच. फेब्रुवारी २०१७ मध्ये पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह एकाच फेरीत सोडले. असा थवा रडारवर सुरुवातीला नुसते ठिपके म्हणून दिसतो. नावं नंतर चिकटतात, कधी अदलाबदलही होते. त्या काळातल्या ओळी मी वापरतो, पण पेन्सिलने.

उतरत्या आलेखाला पट्टी लावून पडण्याची तारीख काढणं हा मोह तर सगळ्यांनाच होतो. वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीवर असते. अमेरिकेचं अंतराळ स्थानक स्कायलॅब १९७३ मध्ये गेलं; सूर्य अपेक्षेहून जास्त सक्रिय झाला, हवा फुगली, घर्षण वाढलं आणि ते ११ जुलै १९७९ ला, ठरवलेल्या बेताच्या आधीच, कोसळलं. व्हॅनगार्ड १ चं आयुष्य सुरुवातीला २,००० वर्षं धरलं होतं, नंतर ते २४० वर्षांवर आलं.

'मृत' हा रकाना

हा रकाना मी काढून टाकला. आर्यभटचे प्रयोग पाचव्या दिवशी वीजपुरवठ्याच्या बिघाडाने थांबले. यान मात्र १९९२ पर्यंत कक्षेत होतं. मग तो संपला कधी? चंद्रयान-१ शी संपर्क तुटला २९ ऑगस्ट २००९ ला, आणि २०१६ मध्ये पृथ्वीवरच्या रडारने ते चंद्राभोवती फिरत असलेलं शोधून काढलं. आता माझ्याकडे तीन रकाने आहेत: काम थांबलं, शेवटचा संपर्क, कक्षेतून खाली. तिन्ही भरलेच पाहिजेत असं नाही.

यातला मधला रकानाही पेन्सिलनेच. नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडलेला हौशी रेडिओवाल्यांचा ऑस्कर ७ हा बॅटरी शॉर्ट होऊन १९८१ मध्ये गप्प झाला. २००२ मध्ये कुणाच्या तरी रेडिओवर त्याचा सिग्नल पुन्हा आला. शॉर्ट झालेली बॅटरी पुढे परिपथातून पूर्ण तुटली असावी आणि सौर पट्ट्यांची वीज थेट ट्रान्समीटरला मिळू लागली असावी. तेव्हापासून ऊन असेपर्यंत बोलतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की गप्प.