पहिले लिनक्स निवडताना: नाव ठरवण्याआधी काय तपासावे

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले, आजही व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप एकाएकी बाद ठरले. अशा लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकून पाहावी असे अनेकांच्या मनात येते. पण माहिती शोधायला बसले की डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांच्या, नावांची रांगच समोर उभी राहते आणि प्रत्येक नावाचा हिरिरीने पुरस्कार करणारे कोणीतरी भेटते. माझे मत आधीच सांगतो. लिनक्सशी पहिलीच ओळख असेल आणि लॅपटॉप फार जुना किंवा अगदी नवाकोरा नसेल, तर लिनक्स मिंट या डिस्ट्रोची सिनॅमन नावाची मांडणी असलेली आवृत्ती घ्यावी. हे उत्तर कधी बदलते आणि कशामुळे बदलते, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

सुरुवात कामांच्या यादीने करावी

डिस्ट्रोचे नाव शोधण्याआधी कागद घ्यावा आणि आठवडाभरात संगणकावर कोणती कामे होतात ती लिहून काढावीत. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, ईमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब ही कामे ब्राउझरमध्ये होतात आणि फायरफॉक्स किंवा क्रोम कोणत्याही प्रमुख डिस्ट्रोवर सारखेच चालतात. पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी लिबरऑफिस पुरेसे आहे. त्यात वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात, मात्र गुंतागुंतीचे मॅक्रो असलेल्या एक्सेल फायली आधी तपासून घ्याव्यात.

खरी अडचण विंडोजसाठीच बनलेल्या सॉफ्टवेअरची असते. टॅली, फोटोशॉप किंवा श्रीलिपीवर ज्यांचे पोट अवलंबून आहे, त्यांनी लिनक्सवर ही सॉफ्टवेअर जशीच्या तशी चालतील असे धरून चालू नये. वाइन नावाच्या सोयीने विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात हे खरे, पण दुकानाचे हिशेब तिच्या भरवशावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. अशांनी विंडोज काढू नये. लिनक्स शेजारी टाकावे किंवा दुसऱ्या यंत्रावर शिकावे. डीटीपी करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या जुन्या मराठी फायली तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसतात, म्हणून विंडोज हाताशी असतानाच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात.

प्रिंटरचे नाव आणि मॉडेल क्रमांकही याच कागदावर लिहावा. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या चालकामुळे (ड्रायव्हरमुळे) सहज चालू होतात. कॅननचा एलबीपी 2900, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसतो, तो मात्र कॅननच्या कॅप्ट या स्वतंत्र पद्धतीने चालतो आणि लिनक्सवर त्याला चालू करणे नवशिक्यासाठी त्रासाचे ठरते. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर त्या टोकनचा लिनक्ससाठीचा चालक उत्पादकाकडे उपलब्ध आहे का, हेही आधी पाहावे. हे प्रश्न डिस्ट्रो बदलल्याने सहसा सुटत नाहीत, म्हणूनच ते सर्वांत आधी सोडवायचे.

डिस्ट्रोंमध्ये फरक कशाचा असतो

सर्व डिस्ट्रोंचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, एकच असतो. रोजच्या वापरात जाणवणारे फरक मोजकेच आहेत: पडद्याची मांडणी, नव्या आवृत्त्यांचा वेग, सोबत तयार मिळणाऱ्या गोष्टी आणि अडचण आल्यावर मिळणारी मदत. यातला वेगाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नवशिक्याचे त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे नियमित अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिने मिळतात. लिनक्स मिंटची मुख्य शाखा उबंटूच्या या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच उभी असते. मिंट 22 ची मालिका उबंटू 24.04 वर आधारलेली असून तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. याउलट फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि तिची मुदत सुमारे तेरा महिने असते. फेडोरा उत्तम आहे, त्यात नवे कर्नल लवकर येते, पण ज्याला यंत्र एकदा लावून तीन-चार वर्षे आपले काम करायचे आहे त्याने दर वर्षी आवृत्ती बदलण्याची जबाबदारी कशासाठी घ्यावी? आर्चमध्ये तर आवृत्ती अशी नसतेच, बदल सतत येत राहतात, आणि ते उभे करताना प्रत्येक भाग स्वतः निवडावा लागतो. संगणक आतून समजून घ्यायचा असेल तर आर्च जरूर वापरावे. पण घरच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर पहिलेच लिनक्स म्हणून ते घेऊ नये.

मिंट सुचवण्यामागे आणखी कारणे आहेत. सिनॅमनची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला लगेच उमगते: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. अपडेट मॅनेजर काय बदलणार आहे ते दाखवून परवानगी मागतो. ड्रायव्हर मॅनेजर एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड किंवा ब्रॉडकॉमचे वायफाय ओळखून योग्य चालक सुचवतो, त्यामुळे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडण्याची गरज क्वचितच पडते. मिंट उबंटूवर आधारलेले असल्याने उबंटूसाठी लिहिलेले बहुतेक मार्गदर्शन येथेही उपयोगी पडते, आणि हा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे.

उबंटूही पहिल्या निवडीला योग्य आहे. त्याची ग्नोम नावाची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी आहे. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना ती पटकन जमते, तर वर्षानुवर्षे विंडोज वापरलेल्या वडीलधाऱ्यांना ती परकी वाटते. झोरिन दिसायला विंडोजच्या जवळचे आहे आणि ज्येष्ठांसाठी विचारात घ्यावे. डेबियन अत्यंत भक्कम आहे; 2023 च्या डेबियन 12 पासून वायफायसारख्या भागांना लागणारे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळू लागल्याने त्याची जुनी अडचणही कमी झाली, तरी पहिल्या दिवशी हाताने करायची कामे त्यात मिंटपेक्षा अधिक राहतात. सी-डॅक या सरकारी संस्थेचे बॉस लिनक्स आपल्या देशातले आणि भारतीय भाषांचा विचार करून केलेले म्हणून काहींना जवळचे वाटते. पण रात्री दहा वाजता ध्वनी बंद पडला तर उत्तर शोधायला मोठा वापरकर्ता-वर्ग पाठीशी हवा, आणि तो उबंटू-मिंटकडे आहे.

यंत्र किती जुने आहे

मिंट 22 साठी किमान 2 जीबी रॅम सांगितलेली आहे आणि 4 जीबीची शिफारस आहे. डिस्कवर किमान 20 जीबी जागा लागते. हे आकडे प्रणालीपुरते आहेत. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की 4 जीबी रॅम भरत येते, मग डिस्ट्रो कितीही हलके असो. म्हणून 4 जीबीच्या लॅपटॉपवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती दिसायला साधी पण चपळ आहे. 2 जीबीच्या यंत्रावर लुबंटू किंवा एमएक्स लिनक्स पाहावे आणि अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रोसेसर 32-बिटचा असेल तर मिंट 20 पासूनची मुख्य आवृत्ती त्यावर बसतच नाही.

जुना लॅपटॉप संथ असण्याचे खरे कारण पुष्कळदा त्यातली फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो कोणतेही हलके डिस्ट्रो घालून पडत नाही. खर्च करणे शक्य असेल तर तो आधी तेथे करावा.

नुकताच बाजारात आलेला लॅपटॉप असेल तर प्रश्न उलटा होतो. त्यातले वायफाय, टचपॅड किंवा ग्राफिक्स ओळखायला ताजे कर्नल लागते. अशा वेळी मिंटची उपलब्ध असलेली सर्वांत ताजी उपआवृत्ती पाहावी, आणि तिथेही जमले नाही तर फेडोरा वापरून पाहावे. फेडोरात काही व्हिडिओ-प्रकारांसाठी लागणारे कोडेक पेटंटच्या कारणाने सोबत येत नाहीत; ते आरपीएम फ्यूजन या संग्रहातून नंतर घ्यावे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

निर्णय पेनड्राइव्हवर घ्यावा

कोणाच्या शिफारशीपेक्षा, माझ्यासुद्धा, आपल्याच यंत्रावरची तासाभराची चाचणी अधिक खरी. 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा, डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आयएसओ फाइल (पूर्ण डिस्ट्रो असलेली एक फाइल) उतरवावी, तिची शा-256 बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा संकेत) संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळते का ते पाहावे आणि रूफस किंवा एचर हे साधन वापरून पेनड्राइव्ह तयार करावा. पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते. संगणक सुरू करताना डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर एफ 12, तर एचपीवर एस्केप किंवा एफ 9 दाबून पेनड्राइव्ह निवडता येतो. आता जे उघडते ते लाइव्ह सेशन, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारे लिनक्स. इन्स्टॉलचे चिन्ह दाबून पुढे जात नाही तोवर डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही.

या तासाभरात वायफाय जोडून पाहावे, कॅमेरा आणि माइक तपासावा, ब्लूटूथवर हेडफोन लावावा, एक व्हिडिओ आवाजासह चालवावा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का ते पाहावे आणि कागदावर लिहिलेला प्रिंटर जोडून एक पान काढावे. वायफाय दिसलेच नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करावे. इंटरनेट आले की ड्रायव्हर मॅनेजर उघडून योग्य चालक मिळतो का ते पाहता येते.

मराठी टायपिंगची चाचणी स्वतंत्रपणे करावी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांखाली देवनागरी इनस्क्रिप्ट आणि मराठीची कगप ही उच्चारानुसारी मांडणी मिळते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांना आयबस ही टायपिंगची सोय आणि तिचे एम17एन हे जोडपॅकेज बसवावे लागते. मग ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘बाळ’ हे शब्द लिहून पाहावेत. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ्य’साठी शिफ्टसह जे, मग डी आणि नंतर तिरक्या रेघेची कळ दाबावी लागते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कोयरीसारखा वळलेला न दिसता रफार होऊन डोक्यावर चढला, तर टायपिंग किंवा फॉन्ट यांपैकी काहीतरी चुकते आहे. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा विनामूल्य फॉन्ट लावून पुन्हा पाहावे.

सर्व काही जुळले आणि इन्स्टॉल करायचे ठरले, तर आधी सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते तपासावे आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ती जवळ नसताना बूटच्या सेटिंगमध्ये बदल केल्यास स्वतःच्याच फायलींपुढे कुलूप लागते. विंडोजमधले फास्ट स्टार्टअपही बंद करावे.

डिस्ट्रोची निवड करताना शेवटी मदत कोण करणार याचाही विचार करावा. घरात किंवा शेजारी फेडोरा रोज वापरणारे कोणी असेल आणि अडल्या वेळी येऊन बसणार असेल, तर वर लिहिलेले सर्व बाजूला ठेवून फेडोरा घेतले तरी चालेल. असे कोणी नसेल तर मिंट बसवावे, पहिले अपडेट पूर्ण करावे आणि लगेच टाइमशिफ्ट उघडून प्रणालीची एक प्रत काढून ठेवावी, म्हणजे पुढे एखाद्या अपडेटने बिघाड केला तर मागच्या स्थितीवर परतता येते. टाइमशिफ्ट आपल्या वैयक्तिक फायली सहसा साठवत नाही. त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घेत राहावा लागतो.